चौथ्यांदा

वेंडेलने प्रयोगशाळेच्या भिंतीवरचा अग्निशामक सिलिंडर उपसला आणि मूलपेशींच्या कपाटावर घातला. काचा उडाल्या. दोन रक्षकांनी त्याला लाथा घालून आडवा केला. ओठ फाटला, तरी तो हाताला लागेल ती पेशींची बशी मुठीने चिरडत राहिला.

“चार वर्षांची मेहनत, हरामखोरा!” डॉक्टर होल्ब्रुक किंचाळल्या. मग माझ्याकडे वळल्या. मी उन्हाळ्यापुरती आलेली विद्यार्थिनी, संगणकावर त्या पेशींची जनुकं तपासणारी. “मरीसोल, पोलिसांना सांग. याचं डोकं फिरलंय ना?”

“या पेशींत कॅन्सरची खूण आहे, हे मी तुम्हाला तीनदा सांगितलं, डॉक्टर,” मी म्हणाले. “उद्या तुम्ही याच्या सहा वर्षांच्या मुलीच्या मणक्यात त्या टोचणार होतात. म्हणून आज सकाळी वेंडेलला सांगितलं.”