क्रेन कशी पडली

खेळण्यातले ठोकळे जोडजोडून आबांनी उभी केलेली क्रेन आता छताला टेकली होती. अशीच खरी क्रेन चालवताना ती उलटून त्यांचा मुलगा गेला होता. "त्याचीच चूक," म्हणत कंपनीने हात झटकले. सुनेला ते पटेना. "जमीन खचली असणार," आबा तिला म्हणाले होते, "करूनच दाखवतो."

आज त्यांनी क्रेनच्या पायांखाली ओली माती पसरली, दोरीला बत्ता बांधून हँडलने सावकाश उचलला. क्रेन ढिम्म. माती आणखी भिजवली, तरी पाय पक्केच. मग त्यांना पोराची खोड आठवली. तोंडातला घास संपायच्या आत त्याच्या पायात चपला असायच्या. त्याच घाईने त्यांनी हँडल गर्रकन फिरवलं. बत्त्याने मोठा झोका घेतला आणि अख्खी क्रेन धाडकन कोसळली.

आबांनी वाकून पाहिलं, माती कुठेच खचली नव्हती. स्वयंपाकघरातून सुनेची पावलं वाजली, तशी त्यांनी एका पायाखालची माती अंगठ्याने खोल दाबली.

"बघ, इथेच खचली."

"म्हणजे ह्यांची चूक नव्हती ना, आबा?"

"छे गं," म्हणत त्यांनी चिखलाने भरलेला अंगठा मुठीत लपवला.