बंद नळ

“अहो आई, म्युनिकमध्ये चोवीस तास पाणी असतं,” असं मी सासूबाईंना कितीदा सांगितलं, पण धुणं झालं की वॉशिंग मशीनचा नळ बंद केल्याशिवाय त्यांना चैन पडायची नाही. आज चादरी आत टाकून मी पावडर आणायला गेले, परत येऊन मशीनचं दार गुडघ्याने ढकललं आणि बटण दाबलं. दार लॉक झालं, दिवा लागला, पण मशीन काही सुरू होईना. “पुन्हा नळ बंद केलात ना?” मी चिडून विचारलं. “अगोबाई! सोडते हं,” म्हणत त्या मशीनमागे वाकल्या. तेवढ्यात मशीनच्या काचेआडून माझ्या तीन वर्षांच्या रेवाचा आवाज आला, “कुकुक!” किंडरगार्टनमध्ये लपलेली मुलं असंच ओरडतात. नळ करकरला. मी सासूबाईंचं मनगट धरलं आणि प्लग उपटला. दोन मिनिटांनी लॉक सुटून दार उघडलं तेव्हा त्यांच्या बांगड्या माझ्या मुठीत फुटल्या होत्या.