पहिला दात

"वहिनी, बाळाचं काय नवीन?" गाडीच्या डिकीत बॅगा रचता रचता पीएने विचारलं.

तो रोजच विचारायचा. आज ती जरा थबकली. मग बाळाला या कडेवरून त्या कडेवर घेत म्हणाली, "दात आलाय ना! पहिलाच. खालचा."

"अरे वा!"

दात आलाच नव्हता. सकाळीच तिने हिरड्यांवरून बोट फिरवून पाहिलं होतं.

खोटं ती मुद्दामच बोलली होती. आज काय ते ठरवायचं होतं. नवरा आमदार. अधिवेशनासाठी आज राजधानीला निघायचा होता, आणि तिने कॉलेजातली नोकरी सोडून, बाळाला घेऊन कायमचं सोबत यावं असा त्याचा हट्ट होता. "माझ्या लेकीचं काहीसुद्धा मला चुकवायचं नाही," असं म्हणताना त्याचे डोळे भरून आले होते.

ती घरात येऊन खिडकीशी उभी राहिली. अंगणात माणसांचा गराडा होता. पीए साहेबांच्या मागे अर्ध्या पावलावर जाऊन उभा राहिला, कानाशी काहीतरी पुटपुटला, आणि साहेबांचा हात समोरच्याच्या खांद्यावर गेला.

"काय काका, आईंचा गुडघा काय म्हणतोय?"

काका विरघळलेच. "बघा! आमदारांना आमच्या म्हातारीचा गुडघासुद्धा पाठ!"

तिलाही पूर्वी याचं फार कौतुक वाटायचं. गेल्या आठवड्यात मात्र फोनवर त्याने विचारलं, "लशीचा ताप उतरला का गं बाळाचा?" तोच सूर. प्रश्नानंतर तसंच जरासं थांबणं. आणि तापाचं ती बोलली होती ती फक्त पीएपाशी. तेव्हापासून मनात पाल चुकचुकत होती.

साहेब घरात आले. मागे अर्ध्या पावलावर पीए.

नको विचारूस, ती मनात म्हणाली. दुसरं काहीही विचार.

"कुठंय माझी दातवाली?" त्याने हात पसरले.

"बघ ना," तिने बाळ त्याच्याकडे दिलं. "दिसतोय का?"

तो बाळाला उजेडात घेऊन गेला. अंगठ्याने ओठ खाली ओढून त्याने नीट पाहिलं. ती त्याचा चेहरा न्याहाळत होती. नाही दिसत म्हण. एवढंच म्हण, मी गाडीत बसते.

"लख्ख दिसतोय की! तांदळाच्या कणीएवढा. अगदी माझ्यावर गेलाय." त्याने बोट बाळाच्या तोंडात घातलं आणि कळवळून झटकलं. "आई गं! चावते कशी बघ! विरोधी बाकावर शोभेल ही."

पीए खो खो हसला. बाळही हसलं, बोळकं पसरून.

तिने नवऱ्याचा हात हातात घेतला. बोट उलटसुलट करून पाहिलं. थोडं ओलं होतं, बस्स.

"फार दुखलं का रे?"

"चालायचंच. लेकीसाठी एवढं सोसायला नको?"

तिने बाळ परत घेतलं.

"भाऊजी," ती पीएला म्हणाली, "आमच्या दोघींच्या बॅगा तेवढ्या उतरवा."

साहेब तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांची मान हळूच मागे कलली, कान पीएच्या दिशेने.