हिरवा गोंडा

आकाराम गेल्याचं त्रिशलाला कळलं तेव्हा ती मागच्या दारात बसून वांगी निवडून घेत होती.

सांगणारी विठाबाई. त्रिशलाच्या माहेरची, शिरोळकडची. अधूनमधून बाजाराच्या दिवशी भाजी घेऊन कोल्हापुरात यायची आणि गावच्या लेकीला हाक मारून जायची. कुणाची म्हैस व्याली, कुणाची सोयरीक मोडली हे सांगता सांगता ती म्हणाली, "आणि आपल्या गावचा त्यो पैलवान, आकाराम. कावीळ झाली, तालमीतनं घरी आणला, तर संक्रांतीच्या तोंडावर गेला की. त्येच्या म्हातारीनं कापडं, चपला, सगळं वाटून टाकलं. तुला कुनी सांगितलं न्हाय व्हय?"

त्रिशलानं हातातलं वांगं नीट टोपलीत ठेवलं. "न्हाय," म्हणाली.

तिला ते खरंच वाटलं नाही. आकाराम काल संध्याकाळी याच बोळातून गेला होता. परवाही गेला होता.

जैनाची मुलगी आणि मराठ्याचा पैलवान, त्यामुळे पुढं काही व्हायचं नव्हतंच. घरी कळलं तशी आईनं तिला बसदीत नेऊन देवासमोर शपथ घातली, परत त्याचं तोंड बघायचं नाही. दिवाळीनंतर लगेच लग्न लावून दिलं. नवरा पार्श्वनाथ, लक्ष्मीपुरीत धान्याचं दुकान, शांत माणूस. आईला एवढंच ठाऊक नव्हतं, की त्या घरामागचा बोळ ही आकारामची रोजची वाट होती. गिरणीचा संध्याकाळचा भोंगा झाला की तो तालमीतून निघून गंगावेशीच्या कट्ट्यावर म्हशीचं धारोष्ण दूध प्यायला जायचा.

त्याची कातडी कोल्हापुरी चप्पल लांबूनच ओळखू यायची. तळाच्या थरांत बी घालून केलेली, पावलागणिक कर्र वाजणारी. एका चपलेचा लाल गोंडा तुटला तेव्हा त्रिशलानं हिरव्या लोकरीचा करून दिला होता. लाल लोकर संपली होती. एक लाल, एक हिरवा अशी ती चप्पल तो सगळ्या तालमीची चेष्टा सोसत घालत राहिला.

भोंगा झाला की ती मागच्या बंद दाराशी उभी राहायची. बघायचं नाही अशी शपथ होती. ऐकायचं नाही अशी नव्हती.

लग्नानंतर एकदा पार्श्वनाथ स्वयंपाकघरात शेंगा फोडत बसला होता आणि ती दिवा लावत होती. बोळात आवाज आला. तिच्या हातातली काडी बोटापर्यंत जळत आली तरी तिला कळलं नाही. पार्श्वनाथनं उठून फुंकर घातली, दाराकडं बघितलं आणि पुन्हा शेंगा फोडायला बसला.

संक्रांतीच्या सुमाराला आवाज बंद झाला. त्रिशलाचं जेवणावरचं मन उडालं. सासूबाई अक्काताई शेजारणींना सांगून आल्या की सुनेला दिवस गेले. पार्श्वनाथ त्याच सुमाराला शेंगांचा सौदा बघायला शिरोळकडं गेला होता. परत आल्यावर त्यानं तिचं न शिवलेलं ताट बघितलं.

"अंगावर काढू नगंस," तिला एवढंच म्हणाला.

मग एका संध्याकाळी आवाज परत सुरू झाला. चाल तेवढी संथ झाली होती, पाय ओढल्यासारखी. कुस्तीत मुरगळला असेल, असं तिनं धरलं. ती पुन्हा पोटभर जेवू लागली. अक्काताईंच्या बोलण्यावर हसू लागली, नवऱ्याच्या सदऱ्याची बटणं लावताना गुणगुणू लागली.

पार्श्वनाथला मात्र तेव्हापासून दुकानातून यायला उशीर व्हायचा. अक्काताईंचे नेम कडक. दिवस मावळल्यावर त्या घरात ताट वाढलं जात नसे आणि कातड्याची वस्तू उंबऱ्याच्या आत येत नसे. तो उपाशीच झोपायचा. विचारलं तर भूक नाही म्हणायचा. हातातली पिशवी बाहेर पडवीतच उंच खुंटीला अडकवायचा. बारा महिने पायात कॅनव्हासचे बूट, तरी यंदा अंगठ्याला फोड आला. त्रिशलानं हळद-तेल लावलं.

"एवढी वर्सं घालताय की. आत्ताच कसं चावाय लागलं?"

"नवी बायको आल्यापास्नं चावतंय," तो म्हणाला. ती हसली होती.

विठाबाई गेली तरी ती वांग्याची टोपली घेऊन तशीच बसून राहिली. संक्रांतीला आवाज थांबला होता, हे खरं. पण सुरूही झाला होता. पावण्यारावळ्यांतल्या बातम्या चुकतात. दुसरा कुणी आकाराम असेल.

तिनं ठरवलं, आज शपथ मोडायची. तो जिवंत आहे एवढं डोळ्यांनी बघायचं, आणि मग परत कधी त्या दाराशी उभं राहायचं नाही. इथला संसार नीट करायचा. बातमी खरी असेल तर काय, याचा मात्र तिला विचार करवला नाही.

तिनं लवकरच स्वयंपाक उरकला. अक्काताई जेवून बसदीकडं गेल्या. चैत्र लागला होता, दिवस मोठा झाला होता. भोंगा झाला तेव्हा बोळाच्या भिंतीवर अजून ऊन होतं.

कर्र. कर्र. आवाज जवळ आला. दारापाशी रोजच्यासारखा जरा रेंगाळला आणि पुढं गेला. त्रिशलानं कडी काढली.

बोळाच्या वळणावर दगडावर एक माणूस पाठमोरा बसला होता. खरा, जिवंत माणूस. ती हाक मारणार होती.

त्यानं वाकून पायातल्या चपला काढल्या. एकीला लाल गोंडा होता, एकीला हिरवा. दोन्ही त्यानं कागदात गुंडाळल्या, पिशवीत ठेवल्या, आणि पिशवीतले कॅनव्हासचे बूट काढून अंगठ्याचा फोड जपत पायांत चढवू लागला.

दिवस अजून मावळला नव्हता. त्याचं ताट वाढायचं राहिलं होतं.