पिक्चर संपल्यावर

उडदाचे पापड लाटायला बसलं की पंखा बंद करावा लागतो. टीव्ही बंद करावा लागत नाही. म्हणून त्या दुपारी झुलाल आबांच्या पुढच्या खोलीत भाऊकीतल्या बायका घामाने निथळत होत्या आणि सगळ्यांच्या माना टीव्हीकडे होत्या. पापड आबांच्या मुलीच्या, दिपमालाच्या लग्नाचे. लग्न आठ दिवसांवर. लाट्याही तीच कापून देत होती, पिठाची लांब वळी करून तिला दोऱ्याचा फास लावत, खाली मान घालून.

पिक्चर शेवटाला आला होता. मांडव, बँडबाजा, हातात हार घेतलेली नवरी आणि समोर नको असलेला नवरदेव. आता हार पडणार, तेवढ्यात मुलीचा बाप पुढे झाला. त्याने तिच्या हातातला हार काढून खुर्चीवर ठेवला, मनगट धरलं आणि भर मांडवातून तिला बाहेर आणलं. मोटरसायकलला किक मारली. शालूतली पोर मागे बसली.

"चालनी व माय, चालनी!" कोणीतरी ओरडलं. लाटणी थांबली.

गाडी शेतांतून गेली, पुलावरून गेली आणि एका घरापुढे थांबली. दारात दाढी वाढलेला, तिच्या मनातला मुलगा उभा होता. बापाने पोरीला उतरवलं. तिच्या डोक्यावरचा पदर सारखा केला. गाडी वळवली आणि निघाला. पोर त्याच्या पाठीकडे बघत राहिली, गाडी लहान लहान होत गेली आणि पडद्यावर नावं येऊ लागली.

खोलीत नुसते हुंदके. सगळ्यांत जास्त रडत होती इंदिराबाई, दिपमालाची चुलती. हात तेलाने माखलेले, म्हणून कोपराने डोळे पुसत होती.

"बाप ऱ्हावा ते असा," ती म्हणाली. "पोरना जीव वळखना त्यानी."

दिपमालाने मान वर केली. महिन्यापूर्वी याच खोलीत तिने भुसावळच्या नवलचं नाव घेतलं होतं. तो आपल्या जातीचा नाही म्हटल्यावर याच काकूने कपाळावर हात मारून घेतला होता. "मंग मन्ह्या पोरीस्ले कोन करी व?" खोटं नव्हतं ते. काकूच्या सोनल आणि पुनम, दोघी लग्नाच्या. त्या दिवशीही काकू अशीच रडली होती, अगदी मनापासून. मग घाईघाईने धुळ्याचं स्थळ ठरलं.

आता रागवावं तर कोणावर? रडणाऱ्या माणसाशी भांडता येत नाही, आणि इथे तर खोलीभर रडणारी माणसं होती. दिपमालाचे डोळे तेवढे कोरडे होते. तिने दाराकडे पाहिलं, तर तिथे आबा उभे होते.

लाटलेले पापड न्यायला आले होते ते कधीचे तिथेच उभे. थोरले दीर दिसल्याबरोबर इंदिराबाईने डोक्यावर पदर ओढला. आबांनी कोणाकडेच पाहिलं नाही. टोपी काढून तिनेच डोळे पुसले, परात उचलली आणि जिन्याकडे वळले.

"आबाभी रडनात व!" मागे बायका रडतारडता हसल्या.

दिपमाला दोरा टाकून उठली.

गच्चीवर पत्र्याच्या सावलीत खाट टाकून वर जुनं धोतर अंथरलं होतं. बाप-लेक दोन बाजूंना उभे राहून पापड पसरू लागले. ऊन एवढं होतं की कडेचे पापड टाकताच वाकडे व्हायला लागले.

"आबा, तुम्ही काबर रडनात?"

"मी कसाले रडू? घाम व्हता तो."

तिने एक पापड पसरला, त्याची घडी पडली होती ती सोडवली. मग त्यांच्याकडे न बघता तिने विचारलं,

"आबा, गाडीमा पेट्रोल शे का?"

आबांचा हात तिथेच राहिला. काय विचारलंय ते त्यांना तेव्हाच कळलं. कठड्याखाली अंगणात त्यांची मोटरसायकल उभी होती. अमळनेरवरून भुसावळ काही परमुलूख नव्हे, दिवस मावळायच्या आत पोचता आलं असतं. आबांनी खाली पाहिलं. बराच वेळ पाहिलं. ते नुसतं हो म्हणाले असते, तर ती तशीच, अंगावरच्या कपड्यांनिशी आणि पिठाच्या हातांनी जिना उतरली असती.

"दिपू, लाट्या सरन्यात व!" खालून काकूची हाक आली.

दिपमाला हलली नाही. आबांनी परातीतला शेवटचा पापड उचलला, ठेवायला जागा शोधली, पण खाट भरली होती. तो तसाच त्यांच्या हातात राहिला.

"शे," ते म्हणाले. "टाकी भरेल शे."

तिने जिन्याकडे पाहिलं.

"त्या बापनी पोरले सोडं, गाडी वळाई, आनि पिच्चर सरी गया." आबा हातातल्या पापडाकडे बघत म्हणाले. "मन्हा नई सरत, माय. माले तठून परत आठेच, ह्या भाऊकीमा, येनं पडी."