फंक्शनचं बारसं

संयोगिताच्या मेलला मी वर्षभर उत्तर दिलं नव्हतं. माझ्या सॉफ्टवेअर-लायब्ररीतलं, मराठी नावं अकारविल्हे लावणारं एक आतलं फंक्शन सर्वांना खुलं करा, एवढंच त्या सांगलीच्या प्रोग्रामर मुलीनं मागितलं होतं. मागणी रास्त होती, पण मी नावाशी अडलो होतो. फंक्शन आतलं असेपर्यंत मला त्याचं नाव कधीही बदलता येतं. एकदा खुलं केलं, की जगाचे प्रोग्राम त्याला त्याच नावानं हाक मारतात, आणि मग ते कायमचं. लिहिताना मी त्याला जे नाव देऊन बसलो होतो, ते चारचौघांत उच्चारायची मला लाज वाटे.

"अहो, बारसं कधी करताय?" पद्मा, माझी बायको, चिडवायची. "पोर दाढी करायला लागेल आता!"

शेवटी शब्दकोश पालथे घालून मी ‘वर्णानुक्रम’ हे भारदस्त नाव निवडलं आणि भीतभीत संयोगिताला फोन केला.

"आवं काका, नाव नका बदलू!" ती ओरडलीच. "तुमचं उत्तर येईना, तवा आतलं असलं तरी आमी हाय त्याच नावानं वापरलं. साखर कारखान्याची सभासद-यादी त्याच्यावरच चालती. शिरवळच्या दोन कंपन्यांनाबी मीच दिलंय. बदललं तर समदं बंद पडंल!"

मी लगेच उत्तर लिहिलं आणि पद्माच्या देखत पाठवून दिलं:

"‘बघू_जमतंय_का’ हे फंक्शन आजपासून सर्वांसाठी खुलं आहे. हे नाव कधीही बदलणार नाही, याची मी खात्री देतो."