बायकांच्या पेटीतलं एक मत

ते एक मत कुणाचं, एवढंच हरणाबाईंना जाईबाईंच्या तोंडून ऐकायचं होतं. हरणाबाईंची सून बायडाबाई मागं, जाईबाईंच्या ओट्याच्या पायरीखाली उभी होती. घरी तिचं पोर तापानं फणफणत होतं आणि तिला त्याच्याजवळ जायची बंदी होती.

जाईबाई खोटं बोलत नाहीत, हे गावाला ठाऊक होतं. सोमवार, गुरुवार, चतुर्थी, काही चुकायचं नाही. म्हणून तर सदुसष्टच्या निवडणुकीत नानासोंनी बायकांचा प्रचार त्यांच्यावर सोपवला. नानासो उभे होते शिडी या चिन्हावर. माणूस सज्जन. माघाच्या गारठ्यात जाईबाई अनवाणी दारोदार फिरल्या. मत विकायचं नाही, कुणाला भ्यायचं नाही, एवढंच सांगत, आणि शब्द पक्का व्हावा म्हणून शपथ घालत. म्हाताऱ्यांनी देवाचा भंडारा उचलला. लेकुरवाळ्यांनी पोराच्या डोक्यावर हात ठेवला. हे पोराचं जाईबाईंनीच काढलं होतं.

मतदानाच्या आदल्या दिवशी चावडीत बसून पुढाऱ्यांनी सगळं गाव फिरवलं. पुरुषांनी घरी येऊन बायकांना दुसरं चिन्ह सांगितलं. साताऱ्याला मोजणी झाली ती पेटीवार. गावच्या बायकांची पेटी वेगळी होती. तिच्यात शिडीला एक मत निघालं. नानासो पडले.

बायका चार दिवस माना खाली घालून पाण्याला गेल्या, मग विसरल्या. हरणाबाईंनी स्वतः भंडारा उचलून शपथ मोडली होती, त्यांचं काही बिघडलं नाही. ताप आला तो बायडाबाईच्या पोराला. म्हणून शपथ मोडली ती बायडाबाईनं, असं ठरलं.

“काकू, म्या शिडीवरच शिक्का मारला,” बायडाबाई म्हणाली. “दीर मारायला उठला तरी. पोराच्या डोक्यावर हात ठिवला हुता, कशी फिरंन म्या?”

हरणाबाईंचं म्हणणं सरळ होतं. ते एक मत हिचं आहे असं जाईबाईंनी म्हणावं, आपण हिला आत्ता पोराजवळ नेऊन बसवतो. नसेल तर शपथ मोडलेल्या बाईचं दूध नातवाच्या पोटात जायला नको, हिनं माहेरची वाट धरावी. मुलगा हिंदुराव पलटणीत, लांब. त्याला विचारायचं कारण नव्हतं.

जाईबाईंना ही पोर आवडायची. आळीत सगळ्यांत आधी शपथ घेतली ती हिनंच. माहीत नाही म्हणून सुटता आलं असतं. हो म्हटलं असतं तरी कुणी शोधायला जाणार नव्हतं. पण मत एकच निघालं होतं, आणि जाईबाईंनी स्वतः शिडीवर शिक्का मारला होता. मग दुसरं आलं कुठून? त्यांनी डोळे मिटून देवाचं नाव घेतलं.

“ते मत माझं हाय, बायडे,” त्या हळू म्हणाल्या. “लेकराच्या जिवावर खोटं बोलू नगंस.”

बायडाबाई रडली नाही. दुपारच्या गाडीनं दिरानं तिला विट्याला माहेरी नेऊन सोडलं. अंगावरचं दूध तुटलं, पोर शेरडाच्या दुधावर पडलं. आठवडाभरात ताप उतरला.

जाईबाईंच्या खरेपणानं पोर वाचलं, असं गाव म्हणू लागलं. बायका वाटेत वाकून त्यांच्या पाया पडत. देवाची करणी, असं म्हणून त्या पुढं जात. विट्याहून एकदा कासाराबरोबर निरोप आला, पोर उभं राहतं का, एवढाच. हरणाबाईंनी कासाराला पाणीसुद्धा विचारलं नाही. वैशाखात हिंदुराव रजेवर आला. पंचांसमोर काडीमोड झाली आणि कोरेगावकडची दुसरी मुलगी ठरली.

हळदीच्या आदल्या दिवशी आप्पासो प्रचाराचे उरलेले झेंडे न्यायला जाईबाईंकडं आले. मोजणीला नानासोंच्या बाजूनं तेच बसले होते. चहा पिता पिता त्यांना हसू आलं.

“जाईबाई, तुमच्या पेटीत शिडीची दोन निघाली हुती बरं का. एक सायबांनी बाद केलं. शिक्का बराबर, पन शिडीला कुनीतरी कुंकवाची बोटं वढलेली. वळखीची खूण चालत न्हाई म्हनले. आता शिडीची पूजा कुन्या भक्तिणीनं केली असंल?”

आप्पासो झेंडे काखेत मारून गेले. जाईबाईंचा चहा निवला. त्या दिवशी त्या देवळातून थेट मतदानाला गेल्या होत्या. शिक्का मारल्यावर पदराच्या गाठीतलं देवीचं कुंकू काढून त्यांनीच शिडीला दोन बोटं लावली होती, हात जोडले होते आणि मग कागदाची घडी घातली होती. बाद झालं ते त्यांचं. मोजलं गेलं ते बायडाबाईचं.

अजून हळद लागली नव्हती. हरणाबाईंचं घर चार दारं सोडून होतं. जाईबाई उठल्या. ओट्यापर्यंत आल्या तोवर हरणाबाईच समोरून आल्या. कडेवर नातू, हातात अक्षतांचं ताट. पोर चांगलं गुटगुटीत झालं होतं.

“आवं, तुमी खरं बोलला म्हनून ह्यो जित्ता हाय,” हरणाबाई म्हणाल्या. “उद्या नवरीला पयली हळद तुमच्या हातची लागू द्या. न्हाई म्हनू नगा.”

पोरानं जाईबाईंकडं बघून हात पुढं केले. मागं वाटेवर दोघीतिघी पाया पडायला थांबल्या होत्या.

“येते की,” जाईबाई म्हणाल्या, आणि अक्षता घ्यायला त्यांनी पदर पुढं केला.